जम बसलेली ऑनलाइन सेवा अचानक थंडावली? या चुका टाळा

केळीभावाचं ॲप, समाजाचं वधू-वर संकेतस्थळ, स्पर्धा परीक्षेचे ऑनलाइन क्लास. जळगाव-धुळ्याकडे अशा सेवा आता जागोजागी आहेत. ग्राहक दुसरीकडे वळण्याचा धक्का नव्याला बसतोच, पण जम बसलेल्याला तो उशिरा कळतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्पर्धक आपल्याच धंद्यातला असेल असं धरून चालणं. केळीभाव ॲपवाला दुसऱ्या ॲपवर डोळा ठेवून बसतो आणि रावेरचा शेतकरी व्हॉट्सॲप ग्रुपवर बऱ्हाणपूरचा भाव वाचून मोकळा होतो. लॉगिन नाही, ओटीपी नाही. शिवाय जाहीर भाव एक आणि व्यापारी बांधावर देतो तो दुसरा, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शेजारच्या मळ्यात आज माल कितीने कापला, ते ग्रुपवर कळतं. ॲपवर नाही.

अमेरिकेतल्या चेगचं असंच झालं. पैसे घेऊन विद्यार्थ्यांना अभ्यासात मदत करणारी ही कंपनी. चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक येण्यावर परिणाम होतोय, असं तिने मे 2023 मध्ये कबूल केलं आणि एका दिवसात शेअर जवळपास निम्म्यावर आला. चॅटजीपीटी काही शिकवणीची कंपनी नव्हती.

म्हणून डाउनलोडचा आकडा मिरवू नका. या आठवड्यात किती जणांनी ॲप उघडलं, ते बघा. सोडून गेलेल्यांना फोन लावा, पण ‘का सोडलं?’ विचारू नका. माणूस भिडेखातर काहीही सांगतो. ‘आता हे काम कशावर करता?’ एवढंच विचारा.

दुसरी चूक जुन्या कमाईला कवटाळून बसण्याची. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि आधी वॉलेटमध्ये पैसे भरा, मग खर्च करा, हा द्राविडी प्राणायाम लोकांना नकोसा झाला. पेटीएमने 2017 मध्ये यूपीआय स्वतःच्याच ॲपमध्ये घेतलं. आपल्याच वॉलेटला आपणच पर्याय द्यायचा, हे जड जातं, पण दुसरा देणारच असतो.

घाबरून चॅटबॉट चिकटवणं ही हल्लीची फॅशन. ‘आज केळीना भाव काय शे?’ असं अहिराणीत विचारल्यावर तो ‘कृपया पर्याय निवडा’ म्हणणार असेल, तर त्यापेक्षा फोन उचलणारा पोरगा बरा.

खातं बंद करायची सोय लपवून ठेवणारेही आहेत. तो माणूस परत येत नाही आणि गावभर सांगतो ते वेगळंच.

वधू-वरवाल्यांची अडचण जरा निराळी. बायोडेटा व्हॉट्सॲपवर फुकट फिरतात, त्यामुळे नुसत्या यादीचे पैसे कोणी देणार नाही. मुलाची नोकरी खरी आहे का, पुण्यातला फ्लॅट त्याचा की भाड्याचा, एवढं तपासून सांगा. त्याचे पैसे मुलीचा बाप आजही देतो.