घरी बनवलेला व्हॉइस असिस्टंट वेक वर्ड (त्याला जागं करणारा शब्द) ऐकतच नाही? सेन्सिटिव्हिटीला हात लावायच्या आधी या चुका टाळा

"वेक वर्ड म्हटलं तरी एलईडी लागत नाही, सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, माइकमधून काय रेकॉर्ड होतंय ते ऐकलंस का? बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं.

एका मित्राचं असंच झालं. पहिल्यांदा वेक वर्ड म्हटलं की लाइट लागायचा, लगेच परत म्हटलं की ढिम्म. त्याने मॉडेल बदललं, सेन्सिटिव्हिटी इतकी वाढवली की टीव्हीत कोणी बोललं तरी लाइट पेटायचा. मी कोड उघडला तर ऑडिओ वाचणाऱ्या लूपमध्येच एलईडीचं फेड अ‍ॅनिमेशन, पायरीपायरीला टाइम-स्लीप, म्हणजे प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारी ओळ! ओपनवेकवर्डला, म्हणजे वेक वर्ड ओळखणाऱ्या इंजिनला, दर ८० मिलिसेकंदांना आवाजाचे १२८० सॅम्पल हवेत, आणि इथे लाइट फिरत असेपर्यंत माइक कोणी वाचतच नाही, मग बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) भरतो आणि मधला आवाज गायब. माइक वाचणारी पायथन लायब्ररी पायऑडिओ बिचारी ओव्हरफ्लोची (बफर भरून वाहिल्याची) एरर देत होती, पण याने कुठूनतरी 'एक्सेप्शन ऑन ओव्हरफ्लो फॉल्स' हे सेटिंग उचलून तिचं तोंडच बंद केलेलं. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, एरर दिसत नाही म्हणजे ती गेली असं नसतं ना. मी एलईडी कायम वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) ठेवतो, ऑडिओचा लूप त्याच्यासाठी क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, फक्त निरोप टाकतो, बाकी काही करत नाही.

दुसरी चूक चॅनेलची. रीस्पीकर या ब्रँडचा ४ माइकवाला यूएसबी अ‍ॅरे (एकाच बोर्डवर अनेक माइक) ६ चॅनेलच्या फर्मवेअरवर असेल तर चॅनेल ० प्रोसेस केलेला, १ ते ४ कच्चे माइक, ५ प्लेबॅक. सगळं एकत्र ओतलं तर इंजिनला नुसती खिचडी मिळते. फक्त ० काढा, १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर माइक हॅट (वर बसणारा माइकचा बोर्ड) असेल तर डब्ल्यूएस२८१२ या एलईडी पट्टीची डेटा वायर जीपीआयओ १८ या पिनला लावू नका, ती पिन आयटूएसच्या, म्हणजे माइकचा आवाज आणणाऱ्या जोडणीच्या, क्लॉकची आहे, ट्युटोरियलमध्ये काहीही असो.

रीस्पीकरच्या ४ माइक हॅटवरचे एलईडी लागतच नसतील तर जीपीआयओ ५ हाय केलाय का बघा, त्यांची पॉवर तिथून चालू होते.

अशा पट्टीवरचे ६० एलईडी फुल व्हाइटला साधारण ३.६ अँपिअर खातात, ते पायमधून ओढू नका, वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय घ्या आणि ग्राउंड जोडायला विसरू नका.

एवढं करूनही ओळखत नसेल तर मग खुशाल सेन्सिटिव्हिटी हलवा, पण थोडी थोडी, आणि दर वेळी खोलीतला नेहमीचा आवाज चालू ठेवूनच तपासा.