कमळ, तीन अक्षरी: शब्दकोडे सोडवताना या चुका टाळा

संकेत ‘कमळ’, चौकोन तीन. पेनाचे टोपण काढून ‘पंकज’ लिहिले जाते आणि पुढचा अर्धा तास त्या कोपऱ्यातला एकही उभा शब्द बसत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शब्दकोडे सोडवणाऱ्यांची वाण नाही. बसस्टँडवर, बँकेतल्या बाकड्यावर, दुपारी गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात पेपरची चौघडी करून बसलेली मंडळी रोज दिसतात. शब्दसाठा त्यांच्याकडे भरपूर असतो. घोडे अडते ते पहिला सुचलेला शब्दच खरा धरून चालण्यात.

कमळाचेच घ्या. पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज, वारिज. सगळे तीन अक्षरी आणि सगळ्यांच्या शेवटी ‘ज’. म्हणजे तिसऱ्या चौकोनात उभ्या शब्दाने ‘ज’ आणून दिला तरी ‘पंकज’ पक्का होत नाही. त्यातून फार तर राजीव, उत्पल आणि कुमुद बाद होतात. अशा वेळी पेन्सिलीने तेवढा ‘ज’ लिहावा, पहिले दोन चौकोन मोकळे ठेवावेत आणि पहिल्या किंवा दुसऱ्या अक्षरातून जाणारा उभा शब्द आधी सोडवावा. ‘जुळले’ म्हणायचे ते वेगळेपणा दाखवणारे अक्षर जुळल्यावर.

आपल्याकडच्या दोन नद्यांचीही हीच गंमत आहे. गोकाकच्या धबधब्याची नदी घटप्रभा, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा. दोन्ही चार अक्षरी, दोन्हींच्या शेवटी ‘प्रभा’, आणि दोन्ही शेवटी कृष्णेलाच मिळतात. नुसते ‘कृष्णेची उपनदी’ एवढेच छापले असेल आणि उभ्या शब्दाने शेवटचा ‘भा’ आणून दिला असेल तर ‘प्रभा’ लिहा आणि थांबा. ‘दशरथाची राणी’ हा तर कोडेकारांचा लाडका सापळा. कौसल्या, कैकेयी, सुमित्रा, तिघीही तीन अक्षरी. इथे उभ्या शब्दाखेरीज कोणीच मदतीला येत नाही.

पाण्याचे शब्द पाठ करू नका, फोडा

ढग, समुद्र आणि कमळ यांच्यात सर्वात जास्त घोळ होतो, आणि तो घोकंपट्टीमुळे होतो. ‘ज’ म्हणजे जन्मलेला, ‘द’ म्हणजे देणारा, ‘धी’ म्हणजे धारण करणारा, साठवणारा. पाण्यात जन्मते ते जलज, म्हणजे कमळ. पाणी देतो तो जलद, म्हणजे ढग. पाणी साठवतो तो जलधी, म्हणजे समुद्र. आता ‘जल’च्या जागी नीर, अंबू, वारी ठेवा: नीरज, नीरद, नीरधी, अंबुज, अंबुद, अंबुधी, वारिज, वारिद, वारिधी. पयस् पासून पयोद आणि पयोधी. समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा हे तीन शेवट लक्षात ठेवले की निम्मे काम होते.

‘प’चे मात्र दोन अर्थ आहेत, तिथे सावध. मधुप म्हणजे मध पिणारा, भुंगा. पादप म्हणजे पायांनी, म्हणजे मुळांनी, पाणी पिणारे, झाड. द्विप म्हणजे दोनदा पिणारा, आधी सोंडेने आणि मग तोंडाने, हत्ती. पण भूप आणि नृप यांतला ‘प’ पिणारा नव्हे, पाळणारा, ते राजे. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. ‘दात’ या संकेताला हे उत्तर छापून आले की दरवेळी कोणीतरी म्हणतोच, ‘दात कसा काय द्विज?’ दुधाचे पडून पुन्हा येतात म्हणून. पक्षीही द्विजच, एकदा अंडे आणि एकदा पिल्लू.

‘कर’ही तसाच. आकर म्हणजे खाण, साठा. म्हणून रत्नाकर समुद्र आणि पद्माकर तळे. पण दिनकर, दिवाकर, प्रभाकर हे सूर्य, कारण तिथे ‘करणारा’ असा अर्थ आहे. निशाकर अर्थातच चंद्र. ‘कर’वाले सगळे शब्द सूर्याच्या खात्यावर टाकणारे बरेच जण भेटतात.

आणि अनिल-अनल. अनिल वारा, अनल आग. फरक एका वेलांटीचा. दोन्ही तीन अक्षरी असल्याने मधले अक्षर उभ्या शब्दातून आल्याशिवाय लिहायचेच नाही असा नियम स्वतःला घालून घ्यावा.

चौकोन मोजताना

एका चौकोनात एक अक्षर, आणि त्याचे काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळे त्याच चौकोनात. ‘स्वातंत्र्य’ तीन चौकोनांचा: स्वा, तं, त्र्य. ‘पर्वत’ही तीनच, कारण रफार पुढच्या अक्षरावर बसतो: प, र्व, त. ‘षट्पद’सुद्धा तीन. कन्नड माध्यमात शिकलेल्या मुलांना हे फारसे समजवावे लागत नाही. त्यांच्या लिपीत अक्षराची घडण अशीच आहे आणि कन्नड पेपरातला पदबंध, म्हणजे तिकडचे शब्दकोडेही, याच हिशेबाने भरतात. इंग्रजी माध्यमातली मुले मात्र ‘पर्-व-त’ असे कानाने मोजून ‘र’ला स्वतंत्र चौकोन देतात. एकदा पेपरवर बोट ठेवून दाखवले की पुरते.

संकेत ज्या रूपात, उत्तरही त्याच रूपात

‘घर’ असेल तर सदन. ‘घरात’ असेल तर सदनी. तीन चौकोन दोन्हींना पुरतात, आणि शेवटचे अक्षर चुकले की खालचा शब्द कोसळतो. संकेत अनेकवचनी असेल, क्रियापद असेल, स्त्रीलिंगी असेल, तर उत्तरही तसेच हवे. म्हणींच्या गाळलेल्या जागांत हे फार नडते. ‘आडात नाही तर … कुठून येणार’ याला चार चौकोन दिलेले असतात आणि लोक ‘पोहरा’ लिहून एक चौकोन उरला म्हणून कोडेकाराला नावे ठेवतात. अहो, ‘पोहऱ्यात’! म्हण मनात न म्हणता मोठ्याने म्हणून पाहावी.

दोन भाषांचा कान

आता खास आपल्या भागातली अडचण. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, शाळेत आणखी तिसरेच. याचा फायदा पुष्कळ होतो, पण संस्कृतातून दोन्ही भाषांत आलेले काही शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वावरतात, आणि रोज जो अर्थ कानावर पडतो तोच आधी सुचतो.

‘प्रपंच’ कन्नडमध्ये जग, मराठीत रोजच्या वापरात घरसंसार. ‘जग’ या संकेताला तीन चौकोन दिसले की इकडचा हात ‘प्रपंच’कडे जातो, कोडेकाराच्या मनात बहुधा ‘दुनिया’ असते. ‘अनुमान’ कन्नडमध्ये संशय, मराठीत तर्क. ‘अवसर’ कन्नडमध्ये घाई, मराठीत संधी, वेळ. उलटही होते: ‘तर्काने काढलेला निष्कर्ष’ असे स्पष्ट छापलेले असूनही ‘अनुमान’ आठवत नाही, कारण डोक्यात त्याच्यावर संशयाची चिठ्ठी चिकटलेली असते. चार-पाच चौकोनांचा संस्कृत वळणाचा शब्द चटकन सुचला तर एकदा स्वतःला विचारायचे, हा अर्थ मला पुस्तकातून माहीत आहे की बाजारातून?

बोलीचेही तसेच. ‘भाकरीचे धान्य’, तीन चौकोन. आपल्याकडे जोंधळा, त्यात विचार करण्यासारखे काय आहे? खानापूरच्या डोंगरपट्ट्यात विचाराल तर नाचणी. आणि कोडे तयार करणारा पुण्यात बसलेला असेल तर बाजरीही असू शकते. तिन्ही तीन अक्षरी. ‘ज्वारी’ दोनच चौकोनांत बसते, म्हणून ती आपोआप बाद. इथे बोली चुकीची आहे असे मुळीच नाही. जोंधळा शब्दकोशातला भला मराठी शब्द आहे. फक्त तो एकटाच उमेदवार नाही, एवढे ध्यानात ठेवायचे.

शहराचे नाव आले तरी जपून. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले. मराठी पेपरात बहुधा ‘बेळगाव’च असते, पण स्पर्धा परीक्षेच्या वळणाची कोडी सरकारी नाव वापरतात. चौकोन दोन्हींना चारच लागतात. वाद शेवटच्या ‘व’ आणि ‘वी’चा. तो वाद तुम्ही न सोडवता उभ्या शब्दाला सोडवू द्या.

कोपरा अडला तर

इथे बहुतेक जण एक तर सगळा कोपरा खोडतात किंवा पेपर बाजूला टाकतात. दोन्हींची गरज नसते. एकच शब्द चुकलेला असतो आणि तो शोधता येतो.

समजा, आडवा ‘दशरथाची राणी’, आणि तुम्ही ‘कैकेयी’ लिहिले आहे. पहिल्या अक्षरापासून खाली जाणारा शब्द: ‘पीक काढणीचा हंगाम’, दोन चौकोन. तिसऱ्या अक्षरापासून खाली: ‘जाच’, दोन चौकोन. दुसऱ्याच्या खाली काळा चौकोन. आता ‘जाच’साठी ‘यी’ने सुरू होणारा शब्द शोधत तुम्ही डोके खाजवताय. थांबा. ‘यी’ने सुरू होणारा एक तरी मराठी शब्द आठवतो का? नाही ना? मग दोष खालच्या शब्दात नाही, वरच्या राणीत आहे. तिला क्षणभर विसरा आणि खालचे संकेत स्वतंत्रपणे वाचा. हंगामाला ‘सुगी’ आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. ‘जाच’ म्हणजे ‘त्रास’. वर ‘सु’ आणि ‘त्रा’ मिळाले, मधे ‘मि’ घालायला कोणाची परवानगी नको.

हाच नियम अधिक ठळकपणे ‘ळ’ आणि ‘ण’ यांना लागू पडतो. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. ‘ण’ने होत नाही म्हटले तरी चालेल, आपल्या जिल्ह्यात जैन वस्ती मोठी असल्यामुळे ‘णमोकार’ कोणीतरी लगेच पुढे करेल, तेवढा अपवाद मान्य. बाकी उभ्या शब्दाच्या डोक्यावर ‘ळ’ किंवा ‘ण’ येऊन बसला, की आडव्यात गडबड आहे हे नक्की समजा.

चुकलेला शब्द ओळखण्याची आणखी एक युक्ती म्हणजे पुरावा मोजणे. ज्या शब्दाला छेदणारे दोन-तीन शब्द पक्के जुळले आहेत त्याला हात लावू नका. ज्याला एकाचाही आधार नाही आणि जो केवळ ‘मला माहीत होता’ म्हणून लिहिला गेला, तो आधी खोडा.

ऱ्हस्व-दीर्घ

यावरून घरोघरी भांडणे होतात. आजचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये चारांची भर पडून अठरा झाले. त्यांनुसार शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ: कवी, रवी, गुरू. पण त्याच शब्दापुढे दुसरा शब्द जोडला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविराज, रविवार, गुरुदक्षिणा. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे शेवटी ऱ्हस्वच. ‘कवी’चा ‘वी’ आणि खाली जाणाऱ्या ‘विहीर’चा ‘वि’ एका चौकोनात काटेकोर नियमाने बसत नाहीत, तरी काही कोडेकार खुशाल बसवतात. तुमच्या पेपराचा कोडेकार कडक आहे की ढिला, हे आधीच्या चार-सहा उत्तरांवरून कळते. रद्दीतली जुनी कोडी सोडवायला घेतली तर ‘नांव’, ‘पांच’, ‘कवि’ अशी रूपे दिसतील. ती त्या काळची, छपाईची चूक नव्हे.

उलटसुलटीच्या संकेतांत अक्षर मात्रेसकट उलटवायचे. ‘गरीब, उलटला तर वाहू लागतो’ म्हणजे दीन: दी आणि न उलटे केले की नदी. वेलांटी जागेवर ठेवून नुसती व्यंजने फिरवणारा इथे हमखास गडबडतो. ‘डोळा, कसाही वाचा’ म्हणजे नयन.

उत्तर पाहिल्यावर

दुसऱ्या दिवशीचे उत्तर पाहून ‘हां, ते होय’ म्हणत पान उलटणे ही चूक सर्रास होते. कालचा पेपर जवळ ठेवा आणि न सुटलेला संकेत व उत्तर शेजारी शेजारी वाचा. कळले नाही तर शब्द फोडा, नाहीतर कोश काढा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही मोबाइलवर मोफत बघता येतात. नुसते ‘समानार्थी शब्द’ असे टाकून शोधाल तर निम्म्या याद्या हिंदीच्या निघतात. तिथून ‘बादल’ उचलून कोड्यात घालू नका.

कोश पाहूनही उत्तर संकेताला लागत नसेल तर आकडे तपासा. ‘१४ आडवा’चा संकेत ‘१४ उभा’ खाली छापला जाणे, काळा चौकोन एक घर सरकणे किंवा कालच्या कोड्याखाली परवाचे उत्तर येणे, हे सगळ्याच पेपरांत अधूनमधून घडते. ओळखायला सोपे आहे: एखाददुसरा शब्द नव्हे, तर तीन-चार पक्के शब्दही छापील उत्तराशी जुळत नसतील तर उत्तर दुसऱ्याच कोड्याचे आहे. मग उद्याच्या अंकाची वाट पाहा, आणि तोवर तुमचे खोडू नका.