बोलकं पुस्तक निवडताना

नजर अधू झालेल्या आईवडिलांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून बोलकं, म्हणजे ऐकायचं पुस्तक घेताना शक्यतो डेझी (अशा वाचकांसाठीच बनवलेला, प्रकरणवार विभागलेला फाइलचा प्रकार) स्वरूपातलं घ्या. एकाच लांबलचक एमपीथ्री फाइलमध्ये हवं ते प्रकरण शोधायला मागेपुढे करत बसावं लागतं. डेझीत थेट प्रकरणावर जाता येतं, खूणही ठेवता येते. मात्र तुमचा प्लेअर किंवा ॲप डेझी चालवतं ना, हे आधी पाहा. सुरुवात कथासंग्रहाने करा, जाडजूड कादंबरी नकोच. एका बैठकीत कथा संपते आणि वाचणाऱ्याचा आवाज मानवतो का तेही कळतं. आणि हो, प्लेअरच्या ‘प्ले’ बटणावर खड्याची टिकली चिकटवा. बोटाला ती चटकन लागते, दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही.