रुग्णसेवेला निघालात? आधी चहा घ्या

मी मूळची सावंतवाडीकडची. नवऱ्याच्या वाळूजमधल्या नोकरीमुळे बावीस वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. बदलीवर आलेले, रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेले अनेक जण विचारतात, शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी काही करायचंय, सुरुवात कुठून करू?

चहापासून. पहिल्याच घरी मी "नको, आत्ताच झाला" म्हणाले. आमच्याकडची रीत ती! आजींनी भिंतीकडे तोंड केलं. "आमच्या घरचं चालत नाही व्हय बाईला?" जात आडवी आली, नाहीतर आजार लागेल म्हणून भ्याली, असं त्यांना वाटलं. दोन आठवडे बोलल्या नाहीत. आता मी अर्धा कप तरी घेते. साखर भरपूर असते, तयारी ठेवा.

मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे शेवटच्या आजारातल्या रुग्णांना ठेवून घेणारं ठिकाण १९८६ पासून आहे, पण इथल्या गावाकडच्या माणसाला मुंबई कुठली? घाटीतून, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून, किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयातून "आता घरी न्या" म्हटलं, की खाट घरातच पडते. म्हणजे तुमचं कामही घरातच. कॅन्सर हा शब्द बऱ्याच घरांत उच्चारत नाहीत, "गाठ" म्हणतात. रुग्णाला किती सांगितलंय ते दारातच सुनेला विचारून घ्या.

मॉर्फीनचं, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचं, मात्र नीट समजून घ्या. साधी गोळी सहसा चार-चार तासांनी असते, दुखणं डोकं वर काढायच्या आत ती पोटात जायला हवी. पण "नशेची गोळी" म्हणून घरचे कळ असह्य होईपर्यंत थांबवतात. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात पडू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा मोठ्या अक्षरात लिहून द्या. "पोट साफ होतंय का?" हेही विचारत जा. या गोळीने हमखास बद्धकोष्ठ होतो, आणि लाजेपायी कुणी बोलत नाही.

बाकी मदत म्हणजे बहुतेक वेळा रुग्णाजवळ बसणं, म्हणजे घरची बाई मोकळी होते. आमच्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी तुम्ही खाटेजवळ बसलात तर तिला ड्रम भरता येतात. बीडकडे दसरा-दिवाळीनंतर धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून जातात, मागे म्हातारी आणि शाळकरी नात. तिथे तर कुणी येऊन बसलं तरी नातीची शाळा बुडत नाही.

आपण परके, भाषेचा हेल वेगळा, याचं दडपण येतं. मलाही यायचं. पण परक्याजवळच लोक मन मोकळं करतात. एका काकांनी भावाच्या नावची दीड एकर बळकावल्याचं मला सांगितलं. पोराला सांगता येत नव्हतं. मी फक्त ऐकलं. गल्लीत, भावकीत माझं कुणी नव्हतं, म्हणून ते बोलले. ऐकलेलं तिथेच ठेवा, अगदी त्यांच्या मुलाने विचारलं तरी.

माणूस गेल्यावर दहाव्या-तेराव्याला घर भरलेलं असतं, तेव्हा तुमची गरज नसते. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांकडे परत जातील एवढं बघा. मग महिनाभराने जा, घर रिकामं झाल्यावर. फक्त नळाचा दिवस टाळा.