पावसात शाळा अर्ध्यात सुटली तर मुलाचं काय? एका व्हॅनवाल्याकडून पालकांसाठी

मी शाळेची व्हॅन चालवतो. कळवा, खारेगाव, पारसिकनगर इथली मुलं घेतो आणि ऐरोलीला शाळेत सोडतो. चौदा वर्षं झाली. पावसाळ्यात पहाटे साडेपाचपासून फोन सुरू होतात, "दादा, आज शाळा आहे ना?" म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

आधी एक सांगतो. पूर्ण सुट्टी जाहीर झाली की मला काळजी नसते, मूल घरात असतं. माझा जीव टांगणीला लागतो तो शाळा भरते आणि मधेच सुटते तेव्हा. तयारी त्या दिवसाची करा.

सुट्टी हवामान खातं देत नाही, ते इशारा देतं. रेड अलर्ट आला म्हणजे शाळा बंद, असं धरून चालू नका. २४ तासांत ६४.५ मिमी झाला की त्यांच्या हिशेबी मुसळधार आणि ११५.६ च्या वर गेला की अतिमुसळधार. सुट्टीचा आदेश निघतो तो जिल्हाधिकाऱ्यांकडून, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात, किंवा महापालिका आपल्या हद्दीपुरती सुट्टी देते. हद्दीचा हा घोळ आमच्या भागात दरवर्षी होतो. कळवा ठाणे महापालिकेत, ऐरोली नवी मुंबई महापालिकेत. ठाणे पालिकेने सुट्टी दिली म्हणून कळव्यातलं मूल घरी बसतं आणि ऐरोलीची शाळा मात्र भरलेली असते. तुम्ही कुठे राहता ते बघू नका, शाळा कुठे आहे ते बघा. खारघर, कामोठे, पनवेलच्या शाळांना तर जिल्हाच वेगळा, रायगड. "नवी मुंबईत सुट्टी" असा निरोप आला की बेलापूर की खारघर, हे आधी विचारा.

आदेशाचा फोटो ग्रुपवर आला तर चार गोष्टी वाचा: तारीख सालासकट, जावक क्रमांक, सही, आणि सुट्टी कोणत्या सत्राला आहे ते. मागच्या वर्षीचं पत्र दर जुलैत फिरतं. पत्राचा वरचा भाग कापलेला असेल तर ते पुढे पाठवू नका. शंका आली तर जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो. मला फोन केलात तरी मी तेच करणार आहे.

आदेश उशिरा येतो म्हणून लोक चिडतात. पण पाऊसही तसाच येतो. ८ जुलै २०२४ ला मुंबईत पहाटे एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर पाऊस झाला. रात्री दहाला हे कुणाला दिसणार होतं? १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत दुपारच्या सत्राला सुट्टी दिली, तोवर सकाळच्या सत्राची मुलं शाळेत पोचलेली होती. म्हणून आदेशाची वाट बघत बसू नका. आदल्या रात्री भरतीची वेळ बघून ठेवा, पेपरात येते, मोबाईलवरही मिळते. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि ती शाळा सुटायच्या वेळेच्या आसपास येत असेल, तर जोरदार पावसात कळव्याहून ऐरोलीला जाताना लागणाऱ्या विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरणार हे मी धरूनच चालतो. खाडीच भरलेली असते, नाल्याचं पाणी जाणार कुठे? भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे उद्याचा अंदाज आजच बांधता येतो. शाळा चालू आहे म्हणून मूल पाठवलंच पाहिजे असं नाही. मन घट्ट करा, वर्गशिक्षिकेला सकाळीच निरोप द्या आणि मला सहाच्या आत कळवा. एका दिवसाच्या हजेरीसाठी जीव धोक्यात घालू नका.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी जुलैतच, मी मुलं सोडून घरी आलो, चहा घेतला आणि पावणेअकराला शाळेने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की मुलं सोडत आहोत. व्हॅनवाल्यांना कुणी कळवलंच नाही. मला एका आईच्या फोनने कळलं. तोवर विटावा भरला होता. पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं की मी गाडी घालत नाही, कुणी कितीही बोललं तरी नाही, कारण मुलं आत असताना गाडी बंद पडली तर पुढे करायला काही उरत नाही. मग कळवा पूल ओलांडून ठाणं, कोपरी, मुलुंड आणि ऐरोली पूल असा वळसा. पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

नऊपैकी आठ मुलं सापडली. दुसरीतली एक मुलगी नव्हती. चाळीस मिनिटं मी गेटपासून पायऱ्यांपर्यंत आणि परत, असा फिरत होतो. ती होती मैत्रिणीच्या आजीकडे, दोन गल्ल्या सोडून, वरणभात खात. आजीने चांगलंच केलं. पण नेलं कोणी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मुलीच्या आईने दप्तराच्या आतल्या कप्प्यात नंबरांची चिठ्ठी ठेवली होती. शाळेत राहिलेलं दप्तर मी उघडलं, चिठ्ठी काढली, तर जेल पेनची शाई उतरून कागदावर निळा डाग उरला होता. एक आकडा वाचता आला, शेवटचा सात.

आणि वाचता आलं असतं तरी उपयोग नव्हता. नंतर तिच्या आईला विचारलं तर त्या चिठ्ठीवरचे तिन्ही नंबर कळव्यातल्या एकाच बिल्डिंगमधले होते. सगळेच पाण्याच्या अलीकडे.

म्हणून पहिलं काम हे: मुलाला घ्यायला जाऊ शकेल असा एक तरी माणूस पाण्याच्या त्या बाजूला, शाळेच्या बाजूला शोधा. नातेवाईकच हवा असं नाही. वर्गातल्या मुलाची आई, आजी, शिकवणीच्या बाई, कुणीही चालेल, पण शाळेपासून चालत जाता आलं पाहिजे. त्या घरी जाऊन स्वतः विचारा, फोनवर नको. आई-वडील दोघं लोकलने जात असाल तर हे फारच गरजेचं, कारण गाड्या थांबल्या की तुर्भ्याहूनही ऐरोली लांब होते. त्या व्यक्तीचं नाव शाळेत लेखी द्या, फोटोसकट, आणि मलाही द्या.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा किंवा साध्या बॉलपेनने, आणि वरून दोन्ही बाजूंनी सेलोटेप चिकटवा. मुलाचं नाव, वर्ग, तुकडी, दोन नंबर, तिसरा त्या बाजूच्या माणसाचा. एक दप्तरात, एक रेनकोटच्या खिशात.

मुलाशी एक शब्द ठरवा, घरातल्यांनाच माहीत असलेला. कोणी न्यायला आलं आणि तो शब्द सांगू शकलं नाही, तर मुलाने जागेवरून हलायचं नाही. लहान मुलांना दुसरं काही सांगत बसू नका, एवढंच पाठ करून घ्या: वर्गात थांब, गेटबाहेर जाऊ नको.

छत्री नको, रेनकोट द्या, हात मोकळे राहतात. साचलेल्या पाण्यातून मुलाला चालवू नका, खाली काय उघडं आहे ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत एक नावाजलेले डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. मोठ्या माणसाचं असं होतं. डब्याशिवाय एक बिस्किटपुडा आणि प्लास्टिकच्या पिशवीत सुके मोजे ठेवा.

मला फोन एकदाच करा. मी चालवताना उचलत नाही. आपल्या ग्रुपवर दर वीस मिनिटांनी मी गाडी बाजूला घेऊन कुठे आहे ते बोलून पाठवतो, ते ऐका.

मूल पाण्यातून आलंच असेल तर घरी साबणाने पाय धुवा आणि बोटांमध्ये जखम आहे का बघा. असेल तर लेप्टोसाठी (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा तापाचा आजार) त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा पालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवा, ताप यायची वाट बघू नका.

आणि शाळेच्या बाजूचं ते घर ठरलं की येत्या रविवारी मुलाला तिथे घेऊन जा. शाळेच्या गेटपासून चालत जा. कोणता जिना, कितवा मजला, बेल कुठे आहे, हात पोचतो का, ते त्यालाच करून बघू द्या.