कोळीवाड्यात सागरी पोलिसांची बैठक : कधी, कुठे, कशी घ्यावी

महाराष्ट्राच्या शेकडो किलोमीटर किनाऱ्याला कुंपण घालता येत नाही. १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली ती रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरलेल्या दहशतवाद्यांना हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. म्हणून सागरी पोलीस ठाण्याला कोळीवाड्यात जावं लागतं. यातल्या बऱ्याच बैठका फोटोपुरत्या उरतात, कारण तारीखच चुकलेली असते.

तारीख तिथी बघून ठरवा. डोलकर, म्हणजे डोल जाळ्याने मासेमारी करणारा, भरती-ओहोटीच्या ओढीवर जाळं लावतो, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो किनाऱ्यावर सापडणार नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ मंदावते, तेव्हा माणसं जाळी तुणत बसलेली असतात. ट्रॉलरवाल्यांचं गणित वेगळं. ते बर्फ भरून काही दिवसांसाठी जातात, परतायची वेळ मच्छीमार सोसायटीत विचारा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मालक निवांत भेटतो, पण खलाशी गावी गेलेले असतात. रत्नागिरीकडे तर अनेक खलाशी नेपाळचे. समुद्रावर नजर असते ती त्यांची. तेव्हा ऑगस्टात हंगाम सुरू झाला की दुसरी बैठक खास त्यांच्यासाठी घ्या, आणि ती हिंदीत.

जागा म्हणून पोलीस ठाणं नको. जाळ्यांची शेड किंवा सोसायटीचं आवार बरं. निरोप सरपंचाबरोबर सोसायटीच्या चेअरमनला आणि तांडेलांनाही, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांनाही, द्या. मासळी विकणाऱ्या बायकांना वगळू नका, बंदरात परकी होडी लागली की त्यांना आधी कळतं. ३०-४० माणसं आणि पाऊण तास पुरे.

सुरुवात लाइफ जॅकेट आणि संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाने करा. जिवाशी गाठ असलेला विषय निघाला की मागे उभे असलेलेही पुढे येऊन बसतात.

मग मुद्द्यावर या. ‘संशयास्पद हालचाल कळवा’ एवढं सांगून काहीच होत नाही. खुणा सांगा : नोंदणी क्रमांक नाही किंवा खरवडलेला आहे, जाळी आहेत पण कोरडी, मासळी नाही, आपलं बंदर विचारलं तर खलाशी अडखळतात. जवळ जायचं नाही, हेही बजावून सांगा. कळवायच्या गोष्टी पाच : वेळ, जागा, क्रमांक, रंग, दिशा. जागा जीपीएसवरून वाचायला शिकवा, पण घाईत तांडेल ‘अमक्या डोंगरासमोर, २० वाव पाण्यात’ असंच बोलणार. वाव म्हणजे साधारण ६ फूट खोली, हे फोन घेणाऱ्या हवालदाराला ठाऊक हवं. नाहीतर तो तेच तेच विचारत राहतो आणि समोरचा फोन ठेवतो. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. मोबाइलची रेंज संपली की होडीवरच्या व्हीएचएफ बिनतारी संचाचा १६ नंबरचा चॅनल. तो सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून त्यावर मोजकंच बोलायला सांगा.

खरी अडचण पुढे येते. खबर देणाऱ्याला जबाबासाठी दिवसभर बसवलं, तर बर्फ वितळतो, मासळी जाते, आणि त्या बंदरातून पुन्हा फोन येत नाही. जबाब घ्यायचाच असेल तर मासळी उतरल्यावर जेटीवर घ्या. बैठकीच्या दिवशी कागदपत्रं तपासून दंड करणं हाही तसाच घात. परवान्यांची तपासणी वेगळ्या दिवशी ठेवा.

एलईडी दिव्यांच्या उजेडात आणि पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्यांनी होणाऱ्या मासेमारीच्या तक्रारी निघणारच. ‘तो आमचा विषय नाही’ म्हणून झटकू नका. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला सोबत आणा आणि उत्तर त्यांना देऊ द्या.

सागर रक्षक दलाच्या, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावातल्या स्वयंसेवकांच्या दलाच्या, पोरांना ओळखपत्र दिलं आणि वर्षभर विचारलं नाही, की दल कागदावरच राहतं. ‘सागर कवच’ या किनारा सुरक्षेच्या सरावानंतर त्यांना सांगा, घुसखोर बनून आलेला गट कुठे पकडला गेला, कुठून निसटला. फोन करणाऱ्या तांडेलालाही दुसऱ्या दिवशी उलट फोन करा. ‘ती होडी शेजारच्या बंदरातलीच निघाली’ एवढं कळलं तरी तो पुन्हा फोन करतो.

शेडच्या भिंतीवर क्रमांक रंगवाल तो ठाण्याचा असू द्या. हवालदाराचा रंगवला तर त्याची बदली झाल्यावर रात्री दोन वाजता फोन भलत्याच जिल्ह्यात वाजतो.