घरच्या घरी ताकदीचा व्यायाम : मोजक्या साधनांत सुरुवात कशी करावी

कोल्हापुरात ताकदीचा विषय निघाला की बोलणे तालमीपाशी येते, आणि ते साहजिकच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधून पूर्ण झाले, आणि येथील राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यामुळे घरी व्यायाम करायचे ठरवणारा माणूस आपसूक जोर-बैठकांकडे वळतो. जोर-बैठका उत्तमच आहेत. परंतु पैलवान केवळ तेवढ्यावर तयार होत नाही. तो खोऱ्याने हौद्यातील लाल माती उकरतो, दोरावर चढतो, जोडीदाराला खेचतो आणि उचलतो. घरात मात्र ओढण्याचा आणि कमरेतून उचलण्याचा भाग गळून जातो, छाती आणि मांड्यांना काम मिळते, पण पाठ तशीच राहते. म्हणून घरच्या व्यायामाची आखणी करताना ढकलणे, बसून उठणे, ओढणे आणि उचलणे या चारही क्रियांना जागा द्यावी.

साधने फारशी लागत नाहीत. दोन्ही खांद्यांवर अडकवायची एक मजबूत सॅक, पाच लिटरचे दोन कॅन, एक जुनी जाड चादर आणि न हलणारी खुर्ची एवढे पुरते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे कॅनमधील पाणी कमी-जास्त करून वजन हवे तसे ठरवता येते. सॅकमध्ये तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिशव्या भराव्यात. फरशी गुळगुळीत असेल, आणि पावसाळ्यात ती ओलसरही राहते, तर सतरंजी घसरते. अशा वेळी रबरी चटई अंथरावी किंवा अनवाणी व्यायाम करावा. भरलेला गॅस सिलिंडर उचलून बघण्याचा मोह मात्र टाळावा.

सुरुवातीला पाच ते सात मिनिटे जागेवर चालणे, खांदे फिरवणे आणि वजनाशिवाय काही सावकाश बैठका करून अंग गरम करावे.

पहिली क्रिया जोराची. ज्यांना जमिनीवर एकही जोर नीट जमत नाही, त्यांनी भिंतीवर हात टेकवून सुरुवात करावी, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, त्यानंतर पलंगाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर यावे. हात जितके खाली, तितका भार अधिक. दुसरी क्रिया बैठकीची. तालमीतील बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघ्यांवर बराच ताण येतो, त्यामुळे नवशिक्याने टाचा टेकलेल्या ठेवून खुर्चीवर हलके टेकावे आणि उठावे. तीन आकडे मोजत खाली जाण्याची सवय लावली, तर दहा बैठकासुद्धा पुरेशा जड वाटतात.

ओढण्याच्या क्रियेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण घरात तीच अवघड जाते. चादरीच्या एका टोकाला मोठी, घट्ट गाठ मारावी, ती गाठ दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे टाकावी आणि दार लावून कडी घालावी. दार आपल्या विरुद्ध बाजूला उघडणारे हवे, म्हणजे आपण ओढल्यावर ते चौकटीत अधिक घट्ट बसते. बिजागऱ्यांचे स्क्रू आधी तपासावेत आणि पलीकडून कोणी दार उघडणार नाही, हे घरच्यांना सांगून ठेवावे. मग चादर दोन्ही हातांनी धरून, अंग ताठ ठेवून मागे झुकावे आणि कोपरे बरगड्यांजवळून मागे नेत छाती दाराकडे आणावी. पाय दाराच्या जवळ सरकवले की अंग अधिक आडवे होते आणि व्यायाम कठीण होतो. दार जुने किंवा डुगडुगते असेल, तर एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने कॅन कमरेकडे ओढावा. ताकद त्यानेही वाढते.

उचलण्यासाठी भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे, गुडघे किंचित वाकवावेत आणि पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवावेत. कंबर दाराच्या बिजागरीसारखी मिटली पाहिजे, पाठीचा कणा वाकता कामा नये. हे अंगवळणी पडल्यावरच भरलेली सॅक हातात धरून, ती मांड्यांना घासत खाली-वर करावी. बादली उचलताना पाठीत उसण भरते, ती बहुधा ही हालचाल ठाऊक नसल्यामुळे.

प्रत्येक क्रियेचे आठ ते बारा वेळांचे दोन किंवा तीन सेट करावेत आणि दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटे थांबावे. आणखी दोन वेळा जमले असते, असे वाटत असतानाच सेट संपवावा. श्वास रोखून जोर लावू नये. वजन उचलताना तो सोडावा. आठवड्यात तीन दिवस, उदाहरणार्थ सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, पुरेसे आहेत, कारण मधल्या विश्रांतीतच स्नायू सावरतात. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

येथे वही लागते, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. तारीख, क्रिया, वजन आणि संख्या लिहून ठेवावी. तिन्ही सेटमध्ये बारा वेळा सहज जमू लागले की संख्या वाढवत नेण्याऐवजी सॅकमध्ये एक-दोन किलो वाढवावेत किंवा क्रियेची पुढची पायरी घ्यावी. शंभर-दोनशे बैठका मारल्याने दम वाढतो. ताकद वाढण्यासाठी भार वाढावा लागतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्नायूंपेक्षा मज्जासंस्था अधिक शिकत असते, म्हणून दंड मोठे दिसण्याआधीच ओझे हलके वाटू लागते.

आहारात दूध, अंडी, मटकीची उसळ, शेंगदाणे आणि जमेल तेव्हा मटण किंवा मासे असावेत. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ७२ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात, हे लक्षात घेऊन प्रत्येक जेवणात थोडी-थोडी विभागणी करावी. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

आजारपणामुळे किंवा गावाला गेल्यामुळे दोन-तीन आठवडे खंड पडला, तर वहीतील शेवटच्या वजनापासून सुरू करू नये; निम्म्या वजनाने दोनच सेट करावेत आणि आठवडाभरात हळूहळू पूर्वीच्या ठिकाणी यावे.